मालमोटारीचा विमा आणि मालकाची जबाबदारी

हल्ली बागायती टापूतील कोणत्याही मोठ्या गावात गेले असता शेतकऱ्याच्या वाड्यापुढे एखादी मालमोटार, निदान ट्रॅक्टर व त्याच्या दोन ट्रॉल्या उभ्या असलेल्या दृष्टीस पडतात. उसाच्या गाळपाचा हंगाम सुरू झाला की ह्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेस लागतात. कांदा निघाला की मालमोटारी लासलगाव-पिंपळगावच्या बाजारांतून दूरदूरच्या प्रांतांकडे धावू लागतात. द्राक्षे, डाळिंबे व भाजीपाला रातोरात मुंबई गाठतो. शेतीस जोड म्हणून हा धंदा वाईट नाही. परंतु ह्या धंद्यात पडलेल्या आमच्या बांधवांशी बोलताना एक वाक्य वारंवार कानी येते, ते असे की, "गाडीचा विमा उतरविला आहे, मग काळजी कशाची?" ह्या वाक्यातच पुढील तोट्याचे बीज आहे असे आमचे मत असून, ते आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. विम्याचा दावा हा मिळकतीचा मार्ग नव्हे. दावे कमी व्हावयाचे ते विमा कंपनीच्या कचेरीत होत नाहीत. माल भरण्याच्या जागी, चालकास मिळणाऱ्या विश्रांतीत आणि ट्रॉलीच्या पाठीमागच्या दिव्यात ते कमी होतात. ह्या तिन्ही गोष्टी सर्वस्वी मालकाच्या हातच्या आहेत. त्या सोडून जो विमापत्रावर विसंबतो, तो बैल गेल्यावर झोपा बांधणाऱ्यांतला होय.

प्रथम विमा काय देतो व काय देत नाही हे पाहू. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक, आपल्या मोटारीमुळे परक्याचे जे नुकसान होईल त्याचा. आणि दुसरा, आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. पहिला भाग सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार कायद्यातील ह्याविषयीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले, आणि आज चालू असलेल्या १९८८ च्या कायद्यातील १४६ वे कलम तीच सक्ती करते. ह्या भागाचा हप्ता सरकार ठरविते व तो मोटारीच्या एकूण वजनावर अवलंबून असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १२ टनांच्या वर व २० टनांपर्यंतच्या मालमोटारीस वर्षास ३५,३१३ रुपये लावले होते. हा दर चांगल्या मालकास व बेफिकीर मालकास एकच असतो, आणि तो ठरविताना देशभरच्या दाव्यांचा हिशेब पाहिला जातो. म्हणजे एकाच्या निष्काळजीपणाची वर्गणी सर्वांनी भरावयाची असा हा मामला आहे.

दुसऱ्या भागात मात्र मालकाच्या वागणुकीस मोल आहे. वर्षभर दावा न केल्यास पुढील वर्षी हप्त्यात २० टक्के सूट मिळते; दुसऱ्या वर्षी २५, तिसऱ्या वर्षी ३५, चौथ्या वर्षी ४५ व पाचव्या वर्षी ५० टक्के. एक दावा केला की ही शिडी पहिल्या पायरीपासून पुन्हा चढावी लागते. ह्याचा हिशेब आपले शेतकरी बहुधा करीत नाहीत, म्हणून तो येथे करून दाखवितो. समजा, स्वतःच्या नुकसानीपुरता हप्ता ४०,००० रुपये आहे व मालकास निम्मी सूट मिळत आहे. अशा वेळी त्याने १५,००० रुपयांच्या किरकोळ दुरुस्तीकरिता दावा केला. हप्ता पुढेही तेवढाच राहील असे धरल्यास त्यास पहिल्या वर्षी २०,०००, दुसऱ्या वर्षी १२,०००, तिसऱ्या वर्षी १०,०००, चौथ्या वर्षी ६,००० व पाचव्या वर्षी २,००० रुपये अधिक भरावे लागतील. एकंदर बेरीज ५०,००० रुपये झाली. पंधरा हजार घेऊन पन्नास हजार देणे हा व्यवहार कोणता सावकारही इतक्या उघडपणे सुचविणार नाही! तेव्हा किरकोळ नुकसान पदरचे पैसे घालून दुरुस्त करावे आणि विमा मोठ्या संकटाकरिता राखावा, हा पहिला नियम. विम्याची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत तो पुन्हा न उतरविल्यास साठलेली सवलत बुडते, हेही ध्यानी ठेवावे.

बरे, मोठा दावा केला तरी सर्व पैसा हाती येतो काय? तसेही नाही. टायर, बॅटरी, रबराचे व प्लास्टिकचे भाग ह्यांची किंमत साध्या विमापत्रात निम्मीच धरतात. मालमोटारीच्या बाबतीत तर दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू व रंगकाम ह्यांचे नुकसान, जादा हप्ता भरून ते कलम घेतले नसेल तर, मोटार समूळ नष्ट झाल्याखेरीज हिशेबात येतच नाही. मोटार महिनाभर कारखान्यात पडून राहिली, त्या महिन्याचे भाडे बुडाले, बँकेचा हप्ता मात्र चुकला नाही, ह्या तोट्यास तर विमापत्रात जागाच नाही. आणि ऐन हंगामातील एक महिना म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

आता ह्याहून गंभीर गोष्टीकडे वळू. महसूल खात्यातील आमच्या नोकरीत वसुलीची कागदपत्रे आमच्या हातून पुष्कळ गेली. सारा थकला म्हणजे काय होते हे वाचकांस ठाऊक आहे. परंतु मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाईही, १९८८ च्या कायद्याच्या १७४ व्या कलमाप्रमाणे, जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. विमा असताना ही पाळी का यावी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, विमापत्राच्या अटी मोडल्या गेल्या असतील तर कंपनी आपला पैसा मालकाकडून परत मागू शकते. चालकाजवळ योग्य परवाना नसल्याच्या बाबतीत, कंपनीने जखमी पक्षास आधी पैसे द्यावेत व मग ते मालकाकडून वसूल करावेत, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या निर्णयात स्पष्ट केला आहे. म्हणजे रस्त्यावर झालेल्या चुकीचा शेवट सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बोजा चढण्यात होऊ शकतो. जी जमीन आजोबांनी तगाईच्या काळातही सोडली नाही, ती नातवाच्या एका ट्रॉलीपायी अडकावी, ह्यासारखी दुःखाची गोष्ट दुसरी कोणती?

अटी मोडण्याचे जे प्रकार खेड्यापाड्यांत नित्य घडतात, त्यांत सर्वांत घातक प्रकार म्हणजे मालाच्या गाडीवर माणसे बसविणे. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा धनी किंवा त्याने नेमलेला माणूस मालाबरोबर गाडीतून जात असेल तर त्यास विम्याचे संरक्षण दिले आहे. परंतु फुकट बसलेल्या इतर उतारूंची जबाबदारी कायद्याच्या सक्तीने विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस ठरविले. आता उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवर बिऱ्हाडासह बसलेली तोडणी कामगारांची टोळी डोळ्यांपुढे आणावी. त्यांत तान्ही मुले असतात, बाया असतात. ट्रॉली कलंडली तर जीव जातात ते त्यांचे, आणि भरपाई मागितली जाते ती मालकाकडे. माणुसकीच्या दृष्टीने पाहा किंवा हिशेबाच्या दृष्टीने पाहा, भरलेल्या ट्रॉलीवर माणूस बसविणे हा गुन्हाच मानला पाहिजे. टोळीस ने-आण करण्याकरिता उतारूंची गाडी ठरविण्यास जो खर्च येतो, तो ह्या धोक्यापुढे काहीच नाही.

दुसरा प्रकार ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टरचा विमा पुष्कळदा शेतीकामापुरता उतरविलेला असतो, आणि ट्रॅक्टर मात्र हंगामभर दुसऱ्याचा ऊस भाड्याने वाहतो. ट्रॉलीचा विमा वेगळा उतरवावा लागतो, हे तर कित्येकांच्या गावीही नसते. अपघात झाल्यावर विमापत्रातील 'उपयोगाची मर्यादा' हे कलम कंपनीचा वकील प्रथम उघडतो. तेव्हा ट्रॅक्टर ज्या कामास लावावयाचा त्याच कामाचा विमा उतरवावा. त्यात वाचविलेले दोन पैसे पुढे महाग पडतात.

तिसरा प्रकार परवान्याचा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे ठरविले की, हलक्या मोटारीचा परवाना असलेल्या माणसास ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालविण्यास वेगळी नोंद लागत नाही. लहान टेम्पो बाळगणाऱ्या शेतकऱ्यांस ह्याने दिलासा मिळाला. परंतु त्याहून जड मालमोटारीस ही मोकळीक नाही. चालक नेमताना परवान्याची प्रत घेऊन दप्तरी ठेवावी, त्याची मुदत वहीत टिपावी, आणि मोटारीच्या योग्यतेच्या दाखल्याची तारीखही तेथेच लिहावी. हा दाखला मोटारीच्या पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी व पुढे दरसाल घ्यावा लागतो. कागद वेळेवर नसणे हे दावा नाकारण्याचे सर्वांत सोपे निमित्त आहे, आणि ते निमित्त आपण होऊन कोणी देऊ नये.

कागदांचा विचार झाला; आता रस्त्याकडे येऊ. कारण कागद कितीही चोख असले तरी अपघात टळत नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांची संख्या ४,६१,३१२ व मृतांची संख्या १,६८,४९१ इतकी सरकारी अहवालात नोंदली गेली. त्यांतील सुमारे पाचांत एक अपघात मागून धडक बसल्याने झाला. उसाच्या ट्रॉल्यांचा येथे थेट संबंध आहे. रात्रीच्या अंधारात, पाठीमागे दिवा नाही, तांबडी चकाकणारी पट्टी नाही, उसाचे वाढे मागे लोंबत आहे, आणि ट्रॉली रस्त्याच्या कडेस चाक निखळून उभी आहे, हे दृश्य कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांत कोणी पाहिले नाही? मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. ट्रॉली दोनशे मीटरांवरून दिसली तर थांबावयास बारा सेकंद मिळतात. वीस मीटरांवरून दिसली तर एक सेकंद. ह्या अकरा सेकंदांची किंमत म्हणजे काही रुपयांची चकाकती पट्टी व एक दिवा. ह्याहून स्वस्त विमा जगात कोणी विकीत नसेल.

ह्यानंतर वजनाचा प्रश्न. भाडे टनावर ठरते, म्हणून जितका जास्त माल तितका नफा, असा समज आहे. वास्तविक सरकारने जुलै २०१८ मध्ये मालमोटारींच्या वजनाची मर्यादा वाढवून दिली. दोन आसांच्या मोटारीस पूर्वी १६.२ टन एकूण वजनाची परवानगी होती ती १८.५ टन झाली, व तीन आसांच्या मोटारीस २५ टनांची होती ती २८.५ टन झाली. एवढी वाढ मिळूनही अधिक भरण्याची हाव सुटलेली नाही. जादा वजनाबद्दल २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये दंड व जादा टनामागे २,००० रुपये अशी तरतूद केली आहे, आणि अपघात झाल्यास त्याच जादा वजनाचा दाखला देऊन दाव्यातून कपात करण्यास कंपनीस आधार मिळतो. पण दंड व कपात बाजूस ठेवली तरी ब्रेकचा विचार करावाच लागेल. उतारावर जड मोटार ब्रेकवरच रोखून धरली तर ब्रेकचे भाग तापतात, आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतार उतरणे म्हणजे बैलांची वेसण सोडून कड्यावरून गाडी लोटणे होय. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार अशा अपघातांकरिता कुप्रसिद्ध झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका मालमोटारीने एकामागून एक अनेक वाहनांस धडका दिल्या होत्या. मालकाने चालकास डिझेलच्या बचतीबद्दल बक्षीस देण्यापूर्वी ती बचत कोठे व कशी झाली हे विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि येथे आम्हांस आपल्याच वर्गास दोन शब्द कडक बोलणे भाग आहे. चालक झोपेविना गाडी का चालवितो? कारण आपण त्यास तशी चालवावयास लावतो. द्राक्षांची पेटी पहाटे चारच्या आत बाजारात पोचली पाहिजे, कांद्याची गाडी उद्याच्या लिलावास गाठली पाहिजे, कारखान्यावरील नंबर चुकता कामा नये. आणि हे सर्व एकाच चालकाने, एका खेपेचा मेहनताना घेऊन. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास व सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती असे माप घालून दिले होते. आपल्या गावच्या कितीशा मालमोटारी ह्या मापाने कधी चालल्या? रात्री दोन ते पहाटे पाच ह्या वेळेत मनुष्याच्या देहास झोप अनावर होते. तीन सेकंद डोळा लागला तरी मोटार पन्नास मीटर आंधळी धावते. बैल जुंपण्यापूर्वी आपण त्याचा खांदा पाहतो, तो सुजला असेल तर त्या दिवशी औत सोडतो. मग ज्याच्या हाती आपली पंचवीस-तीस लाखांची मोटार व रस्त्यावरील परक्यांचे प्राण दिले, त्याचे डोळे पाहावयास आपणांस सवड होऊ नये काय?

ह्यावर असे म्हणण्यात येईल की, दोन चालक ठेवले किंवा मुक्काम करविला तर भाड्यात भागत नाही. शेजारचा मालक एकाच चालकावर खेप करतो, मग आम्हीच का मागे राहावे? हा आक्षेप पोकळ नाही. लहान मालकाची ओढाताण आम्ही जाणतो. म्हणूनच आमचे म्हणणे असे आहे की, हा प्रश्न एकेकट्याने सुटणारा नसून संघाने सोडवावयाचा आहे. माल पाठविणारा शेतकरी व मालमोटारीचा मालक हे पुष्कळदा एकाच गावचे, कधी एकाच घरचे असतात. पाठविणाऱ्यांनी एकत्र बसून खेपेची वेळ दोन तासांनी सैल केली, तर त्याचा तोटा वाटला जाऊन फार थोडा होतो. आणि चालकाची झोप सर्वांस मिळून विकत घेता येते.

विमा कंपन्यांची बाजू सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ विमापत्रे इंग्रजीत असतात, बारीक टाईपात असतात, आणि विकणारा प्रतिनिधी कलमे वाचून दाखवीत नाही. दावा आला की तीच कलमे भिंगाखाली धरतात. हा अन्याय खराच; परंतु त्यावर उपायही आपल्याच हाती आहे. विमापत्र घेण्यापूर्वी मराठी सारांश मागावा, तो न दिल्यास गावातील जाणत्याकडून वाचून घ्यावा, व उपयोगाची मर्यादा, वजावट आणि उतारू ह्या तीन कलमांखाली रेघ ओढावी. अपघात झालाच तर जखमींस प्रथम दवाखान्यात पोचवावे, मग पोलिसांस व कंपनीस त्याच दिवशी खबर द्यावी, आणि मोटार जागेवरून हलविण्यापूर्वी चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पंचनामा लिहिला जाताना मालकाने जवळ उभे राहून तो वाचून घ्यावा. एकदा सही झालेला पंचनामा बदलत नाही, हे आम्ही नोकरीच्या अनुभवाने सांगतो. मोटारीच्या काचेवर लहान कॅमेरा बसविल्यास खोट्या आरोपातून सुटका होते, आणि चालकही सावध राहतो.

शेवटी आम्ही आपल्या संघापुढे चार सूचना ठेवितो. पहिली, संघाच्या कचेरीत सभासदांच्या मालमोटारी व ट्रॅक्टर ह्यांची एक नोंदवही ठेवावी, व विमा, परवाना आणि योग्यतेचा दाखला ह्यांची मुदत संपण्यापूर्वी महिनाभर आधी सभासदास कळवावे. दुसरी, ज्या ट्रॉलीस मागे दिवा व चकाकती पट्टी नाही तिचा ऊस काट्यावर घेऊ नये, असा ठराव कारखान्यांच्या वार्षिक सभांत सभासदांनीच मांडावा. कारखाना आपला आहे, तेथे आपले मत चालते. तिसरी, बाजार समित्यांच्या आवारांत चालकांकरिता स्वच्छ विश्रांतिगृह व स्नानाची सोय व्हावी, म्हणजे माल उतरेपर्यंतचे चार तास त्यास गाडीखालच्या सावलीत काढावे लागणार नाहीत. चौथी, भरलेल्या ट्रॉलीवर माणसे बसविणाऱ्या मालकास संघाच्या वाहतुकीचे काम देऊ नये.

ह्यांत खर्चाची म्हणावी अशी सूचना एक विश्रांतिगृहाचीच आहे. बाकीच्यांस शिस्त लागते, पैसा फारसा लागत नाही. पुढील गाळपास ट्रॉल्या जुंपण्यापूर्वी प्रत्येक मालकाने एका संध्याकाळी आपली ट्रॉली अंधारात उभी करावी, शंभर पावले मागे जाऊन ती दिसते की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि दिसत नसेल तर ती दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आणू नये. विमा कंपनीस कळविण्याजोगे काहीच न घडता हंगाम पार पडला, तर तोच त्या वर्षीचा खरा नफा समजावा.